पहिली सायकल घेतांना



गिरगांवांतील एखाद्या जुन्या चाळीचा जिना चढून वर गेलें, कीं गॅलरीच्या भिंतीला टांगलेली एखादी सायकल हटकून दृष्टीस पडते. टायरांतील हवा केव्हांच गेलेली असते, साखळीवर गंज चढलेला असतो आणि हँडलावर कोणीतरी पंचा वाळत घातलेला असतो. चौकशी करावी तों कळतें, कीं पंचवीस-तीस हजार रुपये मोजून ती मोठ्या हौसेनें घेतली होती. मालक दोन महिने तिच्यावरून कचेरींत गेले आणि मग पुन्हां लोकलनें जाऊं लागले. त्यांच्या आळसाला दोष देण्याची घाई मी करणार नाहीं. पुष्कळदां दोष निवडीचा असतो, आणि त्या निवडीविषयींच मला आज बोलावयाचें आहे.

मागच्या पिढ्या हिला पायगाडी म्हणत. ती काळी, वजनदार, अठ्ठावीस इंची चाकांची पायगाडी आजहि पाहावयाची असेल, तर सकाळच्या प्रहरीं दादर स्टेशनाबाहेर थोडा वेळ उभे राहा. १८९० पासून चालत आलेल्या डबेवाल्यांच्या व्यवसायांत ती अजून राबते आहे. पूर्वीं ह्याच मुंबईंत, वरळीला, हिंद सायकल्सचा कारखाना होता. १९८० सालीं कायदा करून सरकारनें तो आपल्याकडे घेतला, आणि पुढें तोहि इतिहासजमा झाला. ह्याच शहरांतून १९२३ सालीं सहा पारशी तरुण सायकलीवरून जगाच्या प्रवासाला निघाले होते. त्यांपैकीं तिघे सुमारें ७१ हजार किलोमीटर फिरून १९२८ मध्यें परत आले. तेव्हां गिरगांव ते दादर हें आठेक किलोमीटरांचें अंतर ऐकून जे दचकतात, त्यांनीं त्या तिघांचें स्मरण करावें.

हें अंतर सावकाश गेलें तरी अर्ध्या तासाचें आहे. प्रौढ माणसानें आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. आठवड्यांतून तीन दिवस कचेरीस जाणें-येणें सायकलीनें केलें, कीं १८० मिनिटें होतात, आणि व्यायामशाळेची वर्गणी वांचते ती वेगळीच.

आतां प्रत्यक्ष खरेदीकडे वळतों. रोड बाईक म्हणजे खालीं वळलेल्या हँडलाची, अरुंद टायरांची, हलकी सायकल. पुष्कळजण तिच्या वेगावर भुलतात. परंतु परळ-लालबागच्या रहदारींत वेग सिग्नल ठरवितो, सायकल नव्हे. हलकेपणाचा खरा उपयोग चाळींतल्या माणसाला जिन्यांत होतो. साधारण रोड बाईक दहा-बारा किलोंची असते. डबेवाल्याची गाडी तिच्या दीडपट तरी सहज भरते. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसानें रोज दोन वेळां हें ओझें खांद्यावर घ्यावयाचें आहे. म्हणून दुकानांत गाडी चालवून पाहण्यापूर्वीं ती उचलून पाहा. ज्यांची सोय तळमजल्यावर आहे, त्यांना मात्र साधी, बिनगिअरची, पोलादी सायकल घेण्यांत कमीपणा वाटूं नये; ती स्वस्त पडते आणि कोणताहि मिस्त्री ती दुरुस्त करतो.

दुसरी गोष्ट टायरांची, आणि माझ्या मतें हीच सर्वांत महत्त्वाची. ट्राम होत्या तेव्हां सायकलवाल्याला रुळांच्या खांचांची धास्ती असे. ३१ मार्च १९६४ रोजीं शेवटची ट्राम धांवली. पण खांचा गेल्या नाहींत. आतां पेव्हर ब्लॉकमधल्या फटी आहेत, काँक्रीटचे सांधे आहेत, आणि गटारावरच्या जाळीचे गज रस्त्याला समांतर असले तर अरुंद चाक त्यांत नेमकें जाऊन बसतें. टायरच्या बाजूवर ‘७०० × २५’ असे आंकडे असतात. त्यांतील दुसरा आंकडा म्हणजे मिलिमीटरांतील रुंदी. आपल्या रस्त्यांना २५ फार थोडी. २८ चालेल, ३२ उत्तम. म्हणून पुढच्या चिमट्यांत आणि मागच्या चाकाशीं एवढ्या टायराला जागा आहे कीं नाहीं, आणि शिवाय मडगार्ड व कॅरिअर बसविण्याचीं भोकें सांगाड्यांत आहेत कीं नाहींत, हें दुकानदाराला विचारा. शर्यतीच्या थाटाच्या पुष्कळ गाड्यांत हीं भोकें नसतात. मग जूनच्या पहिल्या सरींत पाठीवर चिखलाची रेघ उमटते आणि सायकल भिंतीवर चढते ती कायमची.

गिअरांच्या संख्येला भुलूं नका. आपल्या वाटेंत चढ म्हणजे रेल्वेवरचे पूल. सात-आठ गिअर त्याला पुरेसे होतात. गिअरचा खटका कोठें आहे हें मात्र पाहावें. स्वस्त रोड बाईकमध्यें तो कधीं कधीं हँडलाच्या मध्याशीं असतो. म्हणजे गिअर बदलण्यासाठीं ब्रेकवरचा हात काढावा लागतो. लालबागला समोरून बस, डावीकडून हातगाडी आणि मधूनच धांवणारें पोर, अशा वेळीं हात ब्रेकवरच असला पाहिजे. सरळ हँडलाच्या हायब्रिड सायकलींत ही अडचण नसते, आणि तिची किंमतहि पुष्कळच कमी असते. केवळ कचेरीपुरती सायकल हवी असणारांनीं तिचाच विचार आधीं करावा, असें मी म्हणेन. पावसांतहि चालवावयाची असेल तर डिस्क ब्रेक घ्यावे. भिजलेल्या रिमवर रबराची पकड उशिरा बसते.

मापाविषयीं माझीच फजिती सांगतों. एका दुकानदारानें “थोडी मोठीच घ्या, ऐटदार दिसते” म्हणून एक गाडी माझ्या गळ्यांत बांधली. आठवड्याभरांत तळहातांना मुंग्या येऊं लागल्या, मानेचें दुखणें मागें लागलें, आणि पावसाळा संपण्यापूर्वीं मी ती निम्म्या किंमतीस विकली. तेव्हां आडव्या दांडीवर दोन्ही पाय टेकून उभे राहून पाहा. दांडी आणि जांघ ह्यांत दोन-तीन बोटें अंतर राहिलें पाहिजे. मग सीटवर बसून टांच पायडलवर ठेवा. पायडल अगदीं खालीं असतांना गुडघा सरळ व्हावा, म्हणजे सीटची उंची जमली.

नव्या रोड बाईकची सुरुवात वीस-पंचवीस हजारांच्या घरांत होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा वस्तु व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. तेव्हां बिलावर तो आंकडा पाहून घ्यावा. हातांतील रकमेचा पांचवा भाग हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, दोन कुलुपें आणि पंप ह्यांसाठीं बाजूस ठेवावा. पंप स्वतःचाच हवा. अरुंद टायरांचा व्हॉल्व्ह पुष्कळदां निराळ्या जातीचा असतो आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाहीं.

जुनी सायकल घेणें हाहि शहाणपणाचा मार्ग आहे. सांगाड्याच्या सांध्यांवर रंगाखालीं तडा नाहीं ना, हें उजेडांत पाहावें; चाकें उचलून फिरवावीं; आणि खिशांत फूटपट्टी न्यावी. साखळीचे बारा पूर्ण दुवे नेमके बारा इंच भरावे. अष्टमांश इंच जास्त भरले, तर साखळी झिजली आहे, आणि दांतेहि झिजले असण्याचा संभव आहे. तेवढे पैसे किंमतींतून कमी करून घ्यावे.

गाडी घरीं आली, कीं सोमवारींच कचेरी गांठूं नका. रविवारीं पहांटे गिरगांवाहून निघून सात रस्ता, चिंचपोकळीचा पूल, लालबाग, परळ करीत दादरला जावें. किनारी मार्गावर आणि वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सायकलींस मज्जाव आहे. तिकडे वळूं नये. वाटेंतल्या गटारांच्या जाळ्या कोठें कोठें आहेत, तें ध्यानांत ठेवावें. दादरला चहा घ्यावा आणि रहदारी वाढण्यापूर्वीं परत यावें.