आठ मार्च आणि तुमची पदवी



तुमचा दीक्षान्त समारंभ यंदा आठ मार्चला आला. सकाळपासून तुमच्या फोनवर महिला दिनाच्या शुभेच्छा येत असतील. त्या जरूर द्या आणि घ्या. ज्यांच्या कामाकडे वर्षभर कुणी बघत नाही, त्यांना एका दिवसाची दखलसुद्धा मोलाची वाटते. पण हा दिवस बायकांना कुणी कौतुकाने बहाल केलेला नाही. मागण्या घेऊन रस्त्यावर उतरण्यासाठी बायकांनीच तो ठरवला.

१९१० च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनला समाजवादी स्त्रियांची परिषद भरली होती. स्त्रियांचा एक आंतरराष्ट्रीय दिवस असावा, असा प्रस्ताव क्लारा झेटकिन यांनी तिथे मांडला. मागणी होती मतदानाच्या हक्काची. पुढच्या वर्षी, १९ मार्च १९११ ला, जर्मनी, ऑस्ट्रिया, डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांचे मोर्चे निघाले. त्यानंतर आठवडाही झाला नव्हता, तेव्हा न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. बाहेर पडण्याच्या एका दाराला कुलूप होतं. १४६ कामगार गेले, त्यांत बहुतेक कोवळ्या वयाच्या स्थलांतरित मुली. आणि आठ मार्च ही तारीख आली ती रशियातल्या पेट्रोग्राडच्या गिरणी कामगार स्त्रियांकडून. १९१७ साली महायुद्धाचं तिसरं वर्ष चालू होतं, पावासाठी तासन्‌तास रांगा लागत होत्या. संपाची वेळ अजून आलेली नाही, असं समाजवादी पक्षांचे पुढारी सांगत होते. या बायकांनी ते ऐकलं नाही. त्या गिरण्यांतून बाहेर पडल्या आणि शेजारच्या कारखान्यांतल्या पुरुषांना हाका मारून त्यांनी सोबत घेतलं. आठवडाभरात झारला गादी सोडावी लागली आणि त्याच वर्षी रशियातल्या स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला.

हा इतिहास तुम्ही कधीतरी वाचला असेल. मला आज जास्त बोलायचं आहे ते आपल्या महाराष्ट्रातल्या एका आठ मार्चबद्दल. मी आयुष्यभर कायदा शिकवला, आणि पदवीचा उपयोग काय, असा प्रश्न कुणी विचारला की मला हाच दिवस आठवतो.

त्याची सुरुवात १९७२ च्या मार्चमधली. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी लैंगिक अत्याचार केला. आईवडील नसलेली, भावाजवळ राहणारी, मजुरी करून पोट भरणारी ही मुलगी. कायद्याच्या पुस्तकांत तिचं नाव मथुरा असं आलं आहे. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडून दिलं. का? तर तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने प्रतिकार केल्याची खूण नव्हती. रात्रीच्या वेळी, बंद ठाण्यात, वर्दीतल्या माणसांपुढे त्या पोरीने काय करायला हवं होतं, याचा विचार त्या निकालात दिसत नाही.

निकाल छापून आला, आणि प्रकरण तिथेच संपायचं. ते संपलं नाही, कारण चार माणसांनी तो निकाल नीट वाचला. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. चौघंही कायद्याचे प्राध्यापक. सप्टेंबर १९७९ मध्ये त्यांनी सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं. भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे त्यांनी कायद्याच्याच भाषेत, मुद्द्याला मुद्दा लावून मांडलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला असं जाहीर पत्र लिहायला त्या काळात मोठं धैर्य लागत होतं. त्या पत्रातून मुंबईत स्त्रिया एकत्र आल्या, बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. आणि ८ मार्च १९८० ला या प्रकरणाची फेरसुनावणी व्हावी म्हणून देशातल्या अनेक शहरांत मोर्चे निघाले. आपल्याकडच्या महिला दिनाला खरा अर्थ आला तो त्या दिवशी, असं मी मानते.

फेरसुनावणी झाली नाही. मथुरेला न्याय मिळाला नाही, हे मला तुमच्यापुढे स्पष्ट सांगायला हवं. पण १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी बलात्काराचा आरोप असेल, शरीरसंबंध सिद्ध झाला असेल आणि संमती नव्हती असं स्त्री न्यायालयात सांगत असेल, तर संमती नव्हती असंच गृहीत धरायचं, ही तरतूद आली. पीडितेची ओळख छापणं गुन्हा ठरलं. यानंतर कोर्टाची पायरी चढलेल्या कितीतरी स्त्रियांना या कायद्याचा आधार मिळाला आहे, आणि त्यांतल्या बहुतेकींना ही चार नावं माहीतही नसतील.

त्या चौघांनी वेगळं काय केलं? जे शिकले होते तेच वापरलं, पण अशा मुलीसाठी, जिचा आवाज त्या निकालात कुणाला ऐकू आला नव्हता. स्त्रीचा सन्मान मी याला म्हणते.

नुसत्या सत्काराने काय होतं आणि काय होत नाही, हे गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या आपल्या आशाताईंकडे बघून कळतं. करोनाच्या काळात त्या दारोदार फिरल्या. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मोबदल्यासाठी संपावर जावं लागलं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जगापुढे गौरव केला. तो गौरव योग्यच होता, मलाही त्याचा अभिमान वाटला. पण सरकारच्या लेखी आशा अजूनही स्वयंसेविकाच आहे. जिच्यावर गावाचं आरोग्य चालतं तिला कर्मचारी म्हणायचं नाही आणि महिला दिनाला तिच्या हातात गुलाब द्यायचा, हे मला मान्य नाही.

मुलांनो, आता थोडं तुमच्याशी. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात असं दिसलं, की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्यांमध्ये बाईची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ८८. सव्वातीन तासांहून जास्त फरक. मागे बसलेल्या आपल्या आईकडे एकदा वळून बघा. तुमच्या अभ्यासाच्या वेळेत तिचे ते तास आहेत. आज घरी गेल्यावर तिला शुभेच्छा द्या, आणि उद्यापासून तिच्या कामातलं निम्मं स्वतःकडे घ्या. लग्न झाल्यावर नव्हे, उद्यापासून.

आणि तुम्ही सगळेच आता नोकरीला लागाल. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, असं २०१३ चा कायदा सांगतो. अध्यक्षपदी वरिष्ठ स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरची व्यक्ती. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात विचारा, आपल्याकडे ही समिती आहे का, तिच्यावर कोण कोण आहे. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करावी लागते, हे तिथे झाडू मारणाऱ्या, डबे आणणाऱ्या, कंत्राटावर राबणाऱ्या बाईला ठाऊक आहे का, हेही विचारा. तिला वाचता येत नसेल तर तिच्याजवळ बसून सांगा. तिची तक्रार तिच्या शब्दांत उतरवून द्या. तेवढं शिक्षण तुमच्यापाशी आता नक्की आहे.

तुम्हा सर्वांचं मनापासून अभिनंदन. कामाला लागा.