पुलावरचे फूट, उंबऱ्यावरचे पाणी



जुलै-ऑगस्टात सांगलीत दोन माणसे भेटली की ख्यालीखुशालीच्या आधी एक प्रश्न येतो : ‘आयर्विनला किती झालं?’ 1929 साली खुल्या झालेल्या या पुलाजवळ कृष्णेचे पाणी फुटांत मोजतात. 40 फूट ही इशारा पातळी, 45 धोका पातळी. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेसाठी हेच आकडे 39 आणि 43 आहेत, आणि तिथल्या शाळकरी मुलांनाही ते तोंडपाठ असतात. त्याहून जुनी मापेही टिकून आहेत. शिवाजी पुलाच्या खुणेला पाणी टेकले की कोल्हापूरकर ‘मच्छिंद्री झाली’ म्हणतो. नृसिंहवाडीला पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडू लागले की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि माणसे स्नानासाठी धावतात.

या खोऱ्याला पूर नवा नाही. पूर वाचायची भाषाही इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तरीही 2019च्या ऑगस्टमध्ये हजारो कुटुंबे पाणी घरात शिरेपर्यंत घरातच थांबली. का थांबली, हाच आजच्या परिषदेपुढचा खरा प्रश्न आहे.

उत्तर नदीकाठच्या गावांत वारंवार ऐकू आले. 2005च्या महापुरात पाणी अमुक पायरीपर्यंत आले होते, त्याच्या वर ते कधी येणार नाही, असे लोक धरून चालले होते. जुन्या पुराची खूण हीच त्यांच्या लेखी हद्द होती. 2019ला आयर्विनजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेले, 2005च्या पातळीहून कितीतरी वर. पंचगंगेने 55 फूट ओलांडले, पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळजवळ क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेऊन निघालेली नाव उलटली आणि बायका-मुले बुडाली. ती माणसे दोन दिवस आधी कोरड्या रस्त्याने चालत निघाली असती, तर त्या नावेची गरजच नव्हती. दोनच वर्षांनी, 2021च्या जुलैत, पंचगंगा 56 फुटांवर पोहोचली.

इशारे दिले गेले नव्हते असे नाही. पण ते कोणत्या भाषेत दिले गेले? ‘धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. एक लाख क्युसेक पाणी दिवसभर वाहिले की साडेआठ टीएमसीहून, म्हणजे साडेआठ अब्ज घनफुटांहून, जास्त होते. अभियंत्याला यातून सारे कळते. पण सांगलीच्या दत्तनगरात भाड्याने राहणाऱ्या बाईला त्यातून काय कळावे? तिला हवे असते एकच वाक्य : उद्या दुपारी चारपर्यंत तुमच्या गल्लीत कमरेएवढे पाणी येईल, आज रात्रीच बाहेर पडा. आयर्विनला अमुक फूट झाले की सूर्यवंशी प्लॉट, त्यानंतर पुढची वस्ती, ही उतरंड सांगलीकर अनुभवाने जाणतात. ती प्रत्येक गावाची, प्रत्येक गल्लीची तयार करणे, आणि अंदाजाचा आकडा त्या उतरंडीला जोडून सांगणे, हे काम सॅटेलाइटने होणारे नाही. त्यासाठी तलाठी, ग्रामसेवक आणि पाटबंधाऱ्याचा कर्मचारी यांना उन्हाळ्यात गावातून पायी फिरावे लागेल.

धरणांचा वादही इथे टाळता येणार नाही. राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने 2019च्या पुराचा दोष कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला दिला नाही. अलमट्टीची उंची वाढवायला महाराष्ट्राचा विरोध आहे आणि तो वाद चालूच राहील. तो राहो. मात्र वरच्या अंगाला आपल्याच हद्दीत काय घडते, याचा हिशेब त्यामुळे मागे पडू नये. कोयना धरणाची साठवण 105 टीएमसी. ते लवकर भरून ठेवावे तर ऑगस्टच्या मुसळधार पावसाला जागा उरत नाही, रिकामे ठेवावे तर उन्हाळ्यात वीज आणि शेती दोन्ही अडतात. ही ओढाताण खरी आहे आणि ती सोसणारे अभियंते या सभागृहात बसले आहेत. 2016च्या एप्रिलमध्ये याच खोऱ्यातल्या मिरजेहून दुष्काळी लातूरला रेल्वेने पाणी गेले होते, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. तीन वर्षांनी मिरज तालुक्यातली गावे पाण्याखाली होती. धरण किती आणि कधी भरायचे हा निर्णय म्हणूनच हवामानाच्या ताज्या अंदाजावर दर आठवड्याला उघडपणे व्हावा, आणि तो का झाला हे नदीकाठाला कळावे.

आता पूररेषा. आपल्याकडे निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकले की माणूस निश्चिंत होतो. पण हिशेब करून पाहावा. घरासाठी 20 वर्षांचे कर्ज काढणाऱ्या माणसाच्या घरात, ते निळ्या रेषेवर असेल तर, कर्ज फिटण्याआधी एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता 56 टक्के आहे. लाल रेषेवर ती 18 टक्के. आणि हा हिशेब पाऊस जुन्या सवयीनेच पडेल असे धरून केलेला. हे घर घेणाऱ्याला कोण सांगते? पूररेषेचे नकाशे कचेरीत असतात, खरेदीखत दुसऱ्या कचेरीत होते. सातबारा आणि मालमत्तापत्रकावर रेषेची नोंद आली, तर प्लॉट विकणाऱ्याला ती झाकता येणार नाही.

आणखी एक गोष्ट परिषदांमध्ये सहसा निघत नाही. दावणीला जनावरे असलेला माणूस घर सोडत नाही. त्याला हट्टी म्हणणे अन्यायाचे आहे, म्हशी हाच त्याचा संसार असतो. निवारा केंद्राशेजारी गोठ्याची जागा, चारा आणि जनावरे हलवायला ट्रॉल्या असतील, तर तो वेळेत निघेल. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या लोकांना 1989च्या पुरानंतर सोनतळीला जागा मिळाल्या, तरी गावठाण आणि मळा सुटला नाही. माणूस पोटापाण्यापासून दूर जात नाही, हेच यातूनही शिकायचे आहे.

2019च्याच मे महिन्यात ओडिशाने फनी चक्रीवादळाआधी सुमारे 12 लाख माणसे हलवली. 1999च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली होती. फनीत हा आकडा शंभराच्या आत राहिला. दोन्ही वादळे सारखी नव्हती, पण मधल्या वीस वर्षांत गावोगावी निवारे बांधले गेले, कुणी कुणाला उठवायचे हे ठरले, सराव झाले. मुंबईचा 26 जुलै 2005 वेगळी गोष्ट सांगतो : सांताक्रूझला 944 मिलिमीटर, कुलाब्याला त्याच दिवशी शंभराच्याही आत. शहरासाठी एक सरासरी आकडा पुरत नाही, पाऊस वॉर्डावॉर्डात मोजावा लागतो.

या परिषदेचे ठराव संध्याकाळी वाचले जातील. त्यांत एक छोटा ठराव घ्यावा, ही अध्यक्षपदावरून विनंती. येत्या 7 जूनच्या आत आपापल्या गावातल्या शाळेवर, देवळावर, सोसायटीच्या गोदामावर 2005, 2019 आणि 2021च्या पाण्याच्या खुणा ऑइलपेंटने रंगवा. प्रत्येक खुणेशेजारी त्या वेळी पुलाजवळ किती फूट पाणी होते ते लिहा. खाली मोकळी जागा सोडू नका, वर सोडा. पुढचा पूर याहून वर जाऊ शकतो, हे त्या जागेशेजारीच लिहा. गावातल्या कोणत्या घरातून कुणाला कुणी बाहेर काढायचे, ती यादी त्याच भिंतीवर लावा. डबा-दोन डबे रंग आणि एक सकाळ, एवढाच खर्च आहे.