गुडघा शिवला, मांडीचं काय?

कबड्डीत चढाईला गेलेला खेळाडू मध्यरेषेकडे झेपावतो, बचावपटू त्याचा घोटा धरतो. पाऊल जागीच अडकतं, अंग मात्र वळतं आणि गुडघ्यात ‘कट्‌’ असा आवाज होतो. काही तासांत गुडघा टम्म फुगतो. फुटबॉल खेळताना, दुचाकीवरून पडल्यावरही असं होतं. एमआरआयच्या अहवालात मग तीन अक्षरं येतात : एसीएल. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधणारं हे लिगामेंट. नडगी पुढे घसरू न देणं आणि गुडघ्याला जास्त पीळ बसू न देणं, हे त्याचं काम.

आज मात्र मी बोलणार आहे ते मांडीविषयी.

मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंचा गट असतो, क्वाड्रिसेप्स. जिना उतरताना शरीर तोलणं, उडी मारून खाली येताना धक्का सोसणं, ही कामं तो करतो. दुखापतीनंतर थोड्याच आठवड्यांत ही मांडी बारीक दिसू लागते. घरचे म्हणतात, ‘अरे, जरा मनावर घे, जोर लाव.’ पण खेळाडूने कितीही मनावर घेतलं, तरी स्नायू पुरता आवळलाच जात नाही.

याचं कारण सुजेत आहे. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांच्या गुडघ्यात सलाईन भरून पाहिलं. अवघ्या 20 ते 30 मिलिलिटरला, म्हणजे चार-सहा चमच्यांना, मांडीचा आतल्या बाजूचा स्नायू मंदावला. मांडीच्या बाकीच्या स्नायूंना साधारण दुप्पट पाणी लागलं. गुडघ्याचं आवरण ताणलं गेलं की तिथल्या संवेदक नसा मज्जारज्जूला खबर देतात आणि तिथेच स्नायूला जाणारा हुकूम अडवला जातो. घरात शॉर्टसर्किट झालं की एमसीबी पडते, तसंच हे. बिघाड दूर केल्याशिवाय खटका वर राहत नाही.

म्हणून पहिलं काम सूज उतरवण्याचं. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, पाय उंचावर घ्या. सुरुवातीच्या दिवसांत गरम पाण्याची पिशवी नको आणि मालिश तर नकोच. दुसरं काम गुडघा पूर्ण सरळ करण्याचं. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपण्याची सवय घरोघरी दिसते. तसं केलं की गुडघा वाकलेलाच राहतो आणि पुढे सरळ व्हायला त्रास देतो. उंची द्यायचीच तर उशी टाचेखाली घ्या.

मग स्नायू जागा करायचा. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवा आणि ती खाली दाबा. गुडघ्याची वाटी मांडीकडे सरकताना दिसली, तर स्नायू काम करतो आहे असं समजा. ते जमलं की सरळ पाय उचलायचा. उचलताना गुडघा किंचितही वाकला, तर अजून तयारी झालेली नाही. गरज पडल्यास फिजिओथेरपिस्ट स्नायूला विजेचा सौम्य प्रवाह देऊन मदत करतात.

पुढे मांडीच्या मागच्या स्नायूंची पाळी. ते नडगीला मागे खेचतात, म्हणजे लिगामेंटचाच भार हलका करतात. त्यानंतर अर्ध्या बैठका, पायरी चढणं, एका पायावर तोल सांभाळणं. तोलाचा सराव अशासाठी की लिगामेंटमध्येही नसांची टोकं असतात आणि सांधा कुठल्या स्थितीत आहे हे ती मेंदूला कळवत असतात. लिगामेंट तुटलं की ही खबरही तुटते.

शस्त्रक्रिया सगळ्यांनाच लागते असं नाही. स्वीडनमध्ये 121 तरुणांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2010 साली आले. ज्यांना आधी फक्त व्यायाम दिला होता, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांचं पहिल्या दोन वर्षांत शस्त्रक्रियेवाचून निभावलं. गुडघा वारंवार सटकत असेल, सांध्यातली गादी फाटली असेल किंवा पुन्हा मैदानी खेळ खेळायचा असेल, तर गणित बदलतं. व्यायाम मात्र दोन्ही वाटांवर चुकत नाही.

शस्त्रक्रियेत स्वतःच्याच शरीरातला स्नायुबंध काढून बसवतात. त्याला नवा रक्तपुरवठा मिळून तो मुरायला अनेक महिने लागतात. पहिल्या काही महिन्यांत तो नाजूक असतो आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं. धोका इथे आहे. 2016 सालच्या एका अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत मैदानात परतणं जितकं लांबवलं, तितका पुन्हा दुखापतीचा संभव घटला, महिन्यामागे जवळपास निम्म्याने. आणि मांडीची ताकद दोन्ही पायांत समान असणाऱ्यांना धोका कमी होता.

कुस्तीगीर विनेश फोगटचा गुडघा 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये जायबंदी झाला आणि तिला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. 2018 साली आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकलं. 2023 साली डाव्या गुडघ्याच्या एसीएलची शस्त्रक्रिया मुंबईत झाली आणि पुढच्याच वर्षी ती पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोचली. असं पुनरागमन व्यायामाविना होत नाही.

तेव्हा डॉक्टरांना ‘किती महिन्यांनी खेळू?’ एवढंच विचारू नका. ‘दुखऱ्या पायात चांगल्या पायाच्या किती टक्के ताकद आली आहे?’ हेही विचारा, आणि ती मोजून घ्या. नव्वद टक्क्यांच्या आत असाल, तर चढाईला जाऊ नका, संघ कितीही हाका मारो.