‘आपला अर्ज मिळाला’ म्हणजे नक्की कुणाला मिळाला?

(कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी बरेच जण आपल्या संस्थेची, मंडळाची किंवा वाचनालयाची वेबसाइट सांभाळता. तिच्यावर एक फॉर्म असतोच. शिष्यवृत्तीची चौकशी, कायदेशीर मदत, काहीही. माणूस नाव, नंबर, अडचण लिहितो, ‘पाठवा’ दाबतो आणि पडद्यावर येतं : ‘धन्यवाद, आपला अर्ज मिळाला.’ आज मला या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे, कारण पुष्कळदा ते खोटं असतं.

समजा, घरातून बाहेर काढलेल्या एखाद्या बाईनं शेजारणीच्या मोबाइलवरून हा फॉर्म भरला. ‘मिळाला’ हे वाचून ती वाट बघत बसली. दुसरीकडे कुठे गेली नाही. इकडे कार्यालयात मेल आलेलाच नाही. फॉर्म बंद आहे असं दिसलं असतं, तर तिनं निदान फोन केला असता.

हे होतं कसं? छोट्या वेबसाइटवर बहुधा पीएचपीची एखादी स्क्रिप्ट असते आणि तिच्यात ‘मेल’ नावाचं फंक्शन असतं. ते ‘ट्रू’ असं उत्तर देतं, त्याचा अर्थ एवढाच की त्याच सर्व्हरवरच्या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमनं पत्र ठेवून घेतलं. पत्र पेटीत पडलं. पोचलं असं नव्हे. कित्येक स्क्रिप्ट तर हे उत्तरही न बघता ‘धन्यवाद’ म्हणून मोकळ्या होतात.

शोध घ्यायचा तो जवळच्या टोकापासून. आधी फॉर्म बघा. एचटीएमएलमध्ये रकान्याला ‘नेम’ दिलेलं नसेल तर ब्राउझर तो रकाना पाठवतच नाही. नुसता ‘आयडी’ असून भागत नाही. मेल येतो पण फोन नंबरची जागा रिकामी, असं असेल तर पहिला संशय इथे घ्या. मग सर्व्हरचा एरर लॉग उघडा. तो न वाचता स्क्रिप्टमध्ये ठोकाठोक करणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

सगळ्यात जास्त वेळा गाडी अडते ती ‘फ्रॉम’पाशी. उत्तर देणं सोपं जावं म्हणून अर्जदाराचाच पत्ता तिथे घातलेला असतो. हेतू चांगला, पण घेणाऱ्याला काय दिसतं? पत्ता याहूचा आणि पत्र आलंय भलत्याच सर्व्हरवरून. तोतयागिरीही अशीच दिसते. याहूनं एप्रिल २०१४ मध्ये डीमार्कच्या नियमातून जगाला सांगून टाकलं की आमच्या नावानं आलेलं पण तपासणीत न टिकणारं पत्र सरळ नाकारा. तेव्हा ‘फ्रॉम’मध्ये आपल्या वेबसाइटच्या डोमेनचा पत्ता ठेवा आणि अर्जदाराचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये घाला. उत्तर त्यालाच जाईल. एवढ्या बदलानं अनेक मुके फॉर्म बोलायला लागतात.

दुसरी गोष्ट एसपीएफ. आपल्या डोमेनच्या नावानं कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात, याची ही डीएनएसमधली यादी. डोमेनला ती एकच हवी. नवी मेल सेवा घेतली की कुणीतरी जुनी तशीच ठेवून दुसरी जोडतं आणि मग तपासणीत चूकच निघते. दोन्ही एका ओळीत गुंफा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएमची सही, यापैकी एक तरी लागते. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि शिवाय डीमार्क.

माझं मत विचाराल तर ‘मेल’ फंक्शन सोडाच. पीएचपीमेलरसारखी लायब्ररी घ्या आणि लॉग-इन करून, पोर्ट ५८७ वरून एसएमटीपीनं पाठवा. त्यात सर्व्हर काय म्हणाला ते कळतं. २५० म्हणजे घेतलं, ४ नं सुरू होणारा आकडा म्हणजे थोड्या वेळानं या, ५ नं सुरू होणारा म्हणजे नाही म्हणजे नाही. ५३५ आला तर पासवर्ड तपासा. जीमेलला नेहमीचा पासवर्ड चालत नाही. दुहेरी पडताळणी सुरू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. शिवाय याच लायब्ररीत कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ करा, नाहीतर मराठीतल्या अर्जाचं कडबोळं होतं.

मराठीवरून आठवलं. नावाच्या रकान्यात फक्त इंग्रजी अक्षरं चालतील, नंबरात देवनागरी आकडे चालणार नाहीत, आडनाव सक्तीचं, मधलं नाव वडिलांचं किंवा पतीचं. हे नियम कुणी घातले? आपल्याकडे कितीतरी बायका नुसतं ‘शबाना’ किंवा ‘हसीना बी’ लिहितात. आणि जी नवऱ्याविरुद्ध मदत मागायला आलीय, तिला त्याचंच नाव सक्तीनं लिहायला लावायचं? इथे मेल बिघडलेला नसतो, अर्ज दारातच परत गेलेला असतो. लॉगमध्येही तो दिसत नाही.

आलेला पत्ता तपासल्याशिवाय हेडरमध्ये मात्र घालू नका. त्यात नवी ओळ घुसवून लोक तुमच्या फॉर्ममधून हजारो जाहिराती पाठवतात. मॅट राइट यांच्या १९९५ च्या ‘फॉर्ममेल’ स्क्रिप्टचा असाच बेसुमार गैरवापर झाला. मग तुमचा सर्व्हर काळ्या यादीत जातो आणि खरे अर्जही अडतात.

आता मुख्य काम. अर्ज आधी डेटाबेसमध्ये नोंदवा, मेल नंतर पाठवा. मेल ही फक्त हाक आहे. अर्ज आपल्या वहीत हवा. वही वेबसाइटच्या उघड्या फोल्डरमध्ये ठेवू नका, त्यात लोकांच्या घरातल्या गोष्टी असतात. नाकारलेली पत्रं कोणत्या पेटीत परततात ते शोधा; बहुतेक वेळा ती पेटी कुणीच उघडत नाही. अर्ज जातात तो पत्ता दोन वर्षांपूर्वी संस्था सोडून गेलेल्या मुलाचा तर नाही ना, तेही बघा. दर सोमवारी एकानं कार्यालयाबाहेरून, स्वतःच्या मोबाइलवरून फॉर्म भरावा आणि दुसऱ्यानं तो आल्याचं कळवावं.

आणि ते हिरवं वाक्य बदला. नोंद खरोखर झाल्यावरच लिहा : ‘अर्ज नोंदवला. क्रमांक अमुक. तीन दिवसांत फोन आला नाही तर या नंबरवर बोला.’ नंबर मात्र कुणीतरी उचलेल असा द्या.