‘तुम्ही काम करता का?’

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



आरोग्य पाहणीत आपण विचारतो, “तुमच्या कामात दमछाक होईल असे श्रम असतात का?” बाई म्हणते, “मी कुठं कामाला जाते? घरीच असते.” आपण ‘नाही’वर खूण करतो. बाई हंडा उचलून आत जाते.

ही प्रश्नावली जागतिक आरोग्य संघटनेची, ‘जीपॅक’. २००२ साली तयार झाली, प्रश्न १६. काम, ये-जा आणि फावला वेळ असे तीन भाग. जड श्रमाच्या मिनिटांना आठाने गुणायचं, मध्यम श्रमाच्या चाराने. आठवड्याची बेरीज ६०० भरली नाही तर बाई ‘अपुरी सक्रिय’.

गंमत म्हणजे ‘काम’ म्हणजे बिनपगारी काम आणि घरकामसुद्धा, असं प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलेलं आहे. पण ती प्रस्तावना घाईत कोण वाचून दाखवतं? शिवाय श्रम सलग दहा मिनिटांचे हवेत. धुणं धुताना पोर रडतं, दूध उतू जातं, दारात कुणी येतं. आपलं सलग काय असतं? दहा मिनिटांची अट २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतून गेली, प्रश्नावलीत मात्र ती आहेच.

२०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातल्या सुमारे ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी हालचाल करत नव्हते. आणि सरकारचीच २०१९ ची वेळ-वापर पाहणी सांगते, घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात रोज २९९ मिनिटं जातात, पुरुषाचे ९७.

म्हणून पहिला आकडा खोटा, असं मी म्हणणार नाही. तांदूळ निवडणं, भाजी चिरणं यांनी पाठ मोडते, पण हृदयाला व्यायाम होत नाही. दमणं वेगळं, तब्येत राखणं वेगळं. दवाखान्यात सांगतात, “रोज फिरायला जा.” कधी जायचं, कुठल्या रस्त्यानं, आणि तोवर चूल कोण बघणार, हे कुठल्याच रकान्यात नाही.

तेव्हा प्रस्तावना आपल्या बोलीत सांगा. पाणी भरणं, सरपण, सारवण, निंदणी, धुणं अशी नावं घेऊन विचारा. कालचा दिवस पहाटेपासून सांगायला लावा. फावल्या वेळाचा प्रश्न घाईनं उरकू नका. तिथं शून्य आलं तर ते ठळक लिहा. आणि नवरा किंवा सासू शेजारी बसली असेल तर पुन्हा जा. “ही काय करते दिवसभर!” हे उत्तर आपल्याला पाठ आहे.