औषध कोणते, समजूत कोणती?



मी डॉक्टर नव्हे. शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, मिळेल ते पुस्तक वाचून झाले. पण औषधापायी ज्यांचा रोज बुडतो त्यांच्यात मी वावरतो, म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

माझे वडील अण्णा सोलापुरात यंत्रमागावर होते. १९७८ साली त्यांना क्षय झाला. आठ महिने त्यांना आरोग्यधामात ठेवले. गोळ्या होत्याच; पण खरा भर मोकळी हवा, दूध, अंडी आणि पडून राहणे यांवर. अण्णा बरे होऊन परतले, तेव्हा त्यांच्या मागावर दुसरा माणूस उभा होता आणि आईच्या पाटल्या सावकाराकडे होत्या.

पुढे वाचू लागल्यावर मला प्रश्न पडला, की अण्णांना बरे केले कोणी? गोळ्यांनी की हवेने?

हे ठरवायचे कसे, ते १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगाने दाखविले. स्ट्रेप्टोमायसीन तेव्हा दुर्मिळ होते. क्षयाचे १०७ रोगी घेतले. सर्वांना सक्तीची विश्रांती. त्यांपैकी ५५ जणांना शिवाय हे औषध. कोणाला द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हते, बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर होते. नाहीतर डॉक्टर आशा असलेला रोगी निवडणार आणि श्रेय औषधाला जाणार! सहा महिन्यांत औषधवाल्यांतले ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवरच्या ५२ जणांतले १४.

मग औषध असताना विश्रांती तरी कशाला? हा प्रश्न आपल्याच देशात, मद्रासला, १९५६ पासून तपासला गेला. गरीब वस्तीतले रोगी. चिठ्ठीनेच निम्मे आरोग्यधामात, निम्मे आपापल्या घरी. औषधे दोघांनाही तीच, वर्षभर. घरच्यांचे अन्न निकृष्ट, जागा दाटीची. आरोग्यधामातल्यांचे वजन अधिक वाढले खरे. पण १९५९ साली निकाल आला तो असा, की रोग हटण्यात दोघांत फारसा फरक नाही. घरातल्या माणसांना लागण होईल ही धास्ती होती. त्यांच्यावर पुढे वर्षानुवर्षे लक्ष ठेवले, आणि तीही खोटी ठरली. मात्र गोळ्या चुकता कामा नयेत. त्यासाठी मद्रासची माणसे अचानक घरी जाऊन गोळ्या मोजीत.

१९५९ आणि १९७८. मध्ये एकोणीस वर्षे गेली. मद्रास मेल रोज आमच्या स्टेशनावरून जात होती. ही बातमी मात्र अण्णांच्या खाटेपर्यंत पोचली नाही. त्या डॉक्टरांना मी दुष्ट म्हणत नाही. ते शिकले तसे वागले. पण त्यांच्या समजुतीचे भाडे आमच्या घराने भरले.

गेल्या महिन्यात एक विणकर अशक्तपणासाठी सलाइन लावून आला. पाच टक्के ग्लुकोजची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे पंचवीस ग्रॅम साखर, पाच-सहा चमचे! मी त्याला हिशेब मांडून दाखविला. तो म्हणाला, "पण भाऊ, तरतरी आली की!"

आरोग्यधामाच्या हवेबद्दल अण्णाही असेच म्हणत असत.