बसलेला केक



माझ्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर किंवा कामाच्या तासांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आज मी फसलेल्या केकवर बोलणार आहे. विषय हलका समजू नका. ज्या घरात अंडी, लोणी आणि साखर मोजूनमापून येते, तेथे एक केक बसला की दिवसभर काय काय ऐकावे लागते, हे आपल्यापैकी अनेक भगिनींना ठाऊक आहे. पुष्कळदा अशी बाई पुन्हा केकच्या वाटेला जात नाही, आणि नुकसान खरे तेथे होते.

माझे म्हणणे एवढेच की, फसलेल्या केकमध्ये घातलेला माल तसाच शिल्लक असतो. मैदा, अंडी, साखर, लोणी सगळे तेथेच आहे, आणि बहुतेक भाजलेले आहे. म्हणून फेकण्याआधी तो कशाने फसला ते पाहावे. पुढे त्याचे काय करायचे, ते त्यावरून ठरते.

केक फुगतो तो बेकिंग पावडरच्या वायूने, फेटताना कोंडलेल्या हवेने आणि वाफेने. पण नुसता फुगलेला केक उभा राहत नाही. अंड्यातली प्रथिने आणि मैद्यातला स्टार्च उष्णतेने घट्ट झाले, म्हणजे त्या बुडबुड्यांना भिंती मिळतात. त्याआधीच कोणी कौतुकाने झाकण उघडले तर मधला भाग खाली बसतो. पावडर जास्त पडली तर भिंती धरण्यापूर्वीच बुडबुडे फुटतात. कुकरची शिटी आणि रिंग काढून, तळाशी वाळू किंवा मीठ घालून केक भाजणारी घरे आपल्याकडे थोडी नाहीत. तेथे आच सारखी लागत नाही. त्यामुळे कडा कोरड्या ठणठणीत आणि मध्य ओला, असे दोन्ही दोष एकाच केकमध्ये नांदतात. दोष साधनाचा, पण शब्द खावे लागतात करणारीला! कामगाराच्या ताब्यात दिलेल्या मालाचे नुकसान पगारातून कापायचे, तर ते थेट त्याच्या हयगयीने झालेले असले पाहिजे आणि आधी त्याला आपली बाजू मांडू दिली पाहिजे, अशी अट १९३६ च्या वेतनविषयक कायद्यात होती. स्वयंपाकघरात एवढीही चौकशी होत नाही.

आता कृतीकडे वळू. मध्ये बसलेल्या, ओलसर राहिलेल्या केकला पुडिंगसारखी दुसरी गती नाही. सुमारे पाव किलो केक असेल तर अर्धा लिटर दूध आणि तीन अंडी घ्यावीत. साखर मात्र दोन चमचेच. केकमध्ये ती आधीच आहे, आणि नेहमीच्या पुडिंगइतकी घातली तर दुसरा घास घशाखाली उतरत नाही. एका डब्यात आणखी चार चमचे साखर मंद आचेवर विरघळवून तांबूस करावी आणि डबा फिरवून ती तळाला पसरावी. कडांचे तुकडे करून डब्यात रचावेत. मधला कच्चा भाग चमच्याने काढून कोमट दुधात कालवावा, त्यात फेटलेली अंडी मिसळावीत. दूध उकळते असेल तर अंड्याचे गोळे होतील. हे मिश्रण तुकड्यांवर ओतून वीस मिनिटे मुरू द्यावे. या मुरण्यात कंजुषी करू नये, कोरडा तुकडा दूध पितो तो याच वेळात. मग डब्यावर घट्ट झाकण बसवून, शिटी न लावता मंद वाफेवर अर्धा ते पाऊण तास ठेवावे. मध्यभागी खुपसलेली सुरी स्वच्छ निघाली की झाले. कच्चे अंडे पोटात जाऊ नये म्हणून ही सुरीची परीक्षा चुकवू नये. पूर्ण गार झाल्यावर डबा ताटात उपडा करावा.

नुसता कोरडा झालेला केक असेल तर इंग्रजांचे ट्रायफल बरे. गंमत अशी की, सोळाव्या शतकात ट्रायफल म्हणजे सुवासिक केलेली घट्ट साय होती. केक-बिस्किटांचा थर तिच्यात पुढे अठराव्या शतकात शिरला. केकच्या कापांवर संत्र्याचा रस शिंपडावा, वर कस्टर्ड, वर आंब्याच्या फोडी. हापूसचे दिवस असले, तर अधिक सांगायला नको. अंडे न खाणाऱ्यांनी आपल्या बिनअंड्याच्या केकवर कस्टर्ड पावडरीचे कस्टर्ड घालावे. ती पावडर अंड्याविनाच असते. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने ती १८३७ साली काढली, कारण त्याच्या पत्नीला अंडी सोसत नसत.

आणि चुराच झाला असेल तर? डेन्मार्कमधले बेकरीवाले उरलेल्या केकचा चुरा कोको, जॅम आणि रमचा स्वाद घालून वळतात. आपल्याकडच्या बेकऱ्यांतला रमबॉलही त्याच कुळातला. यात लपवाछपवी नाही, काटकसर आहे. मात्र खवट झालेला चुरा रमच्या वासाखाली खपवला जातो तेव्हा ती फसवणूक होते, आणि पहिल्यांदा ती कळते भट्टीवरच्या कामगाराला.

आपल्या घरांना हे काही परके नाही. शिळ्या पोळीचा गूळ-तूप घालून मलिदा होतोच. तुपात विरघळणाऱ्या अनारशाला 'हसला' म्हणणारी आपली भाषा आहे. फसण्याला इतके प्रेमळ क्रियापद मला दुसरीकडे आढळले नाही. फ्रेंच लोक शिळा पाव दूध-अंड्यात भिजवून तळतात आणि त्याला 'गमावलेला पाव' म्हणतात. नाव दुःखाचे, पण ताटलीत काही उरत नाही.

आता जे वाचत नाही तेही सांगितले पाहिजे. साखरेऐवजी मीठ पडलेला केक सोडून द्यावा. सोडा फार पडला असेल तर येणारी साबणासारखी कडवट चव कस्टर्डखाली लपत नाही. करपलेल्या केकचा काळा थर जाड कापून टाकावा आणि आतला तुकडा नुसता चाखून पाहावा. करपट वास आतपर्यंत पोचला असेल, तर त्याच्यापायी अर्धा लिटर दूध आणि तीन अंडी आणखी खर्ची घालू नयेत.